पहिला चौकोन

सकाळी पावणेआठला थिएटरमध्ये पहिलं काम व्हायचं ते चहाचं आणि दुसरं टिकांचं. ऑपरेशन थिएटरच्या इनचार्ज सिस्टरना सर्जनपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. त्या कपाटातून त्या दिवशीच्या पेशंटांचे कागद काढत, डाव्या हाताला कप ठेवत आणि उजव्या हाताने सुरू होत. प्रत्येक कागदावर एकोणीस चौकोन. भूल देण्याआधी विचारायचे सात, चिरा देण्याआधीचे सात, पेशंटला बाहेर नेण्याआधीचे पाच. पेशंटची ओळख पटली का. ऑपरेशन कोणत्या बाजूचं, तिथे खूण केली का. कोणत्या औषधाचं वावडं आहे का. हत्यारं आणि रक्त टिपायचे मॉप मोजून बरोबर आले का. हे सगळं त्या त्या वेळी मोठ्याने वाचायचं, सगळ्यांनी हातातलं काम थांबवून उत्तर द्यायचं आणि मगच टीक करायची, असा नियम होता. नियम फ्रेम करून भिंतीवर लावलेला होता. मोठ्या सिस्टर सहा पेशंटांच्या एकशे चौदा टिका चहा गार व्हायच्या आत उरकत.

त्या कामचुकार नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. एकोणतीस वर्षं त्यांनी थिएटरात काढली होती. कुठलं हत्यार कुठल्या ट्रेमध्ये आहे हे त्या डोळे मिटून सांगत. पण सर्जनना घाई असायची, भूल देणाऱ्या मॅडमना पुढच्या हॉस्पिटलात पोचायचं असायचं, आणि टेबलावर माणूस झोपलेला असताना ‘प्रत्येकाने आपलं नाव व काम सांगावं’ असं सिस्टर वाचायला लागल्या की सर्जन म्हणायचे, “सिस्टर, आज काय बघण्याचा कार्यक्रम आहे का?” सगळे हसायचे. दोनचारदा असं हसून झाल्यावर वाचन बंद पडलं आणि टिका तेवढ्या उरल्या.

मागच्या वर्षी पोटाचं ऑपरेशन झालेल्या एक बाई सव्वा महिन्याने परत आल्या. ताप होता, पोट टम्म फुगलेलं. उघडून बघितलं तर आत मॉप. चौथ्या दिवशी बाई गेल्या. चौकशी बसली. तीन जणांच्या समितीने कागद मागवला. सतराव्या चौकोनात, ‘मॉप मोजून बरोबर’ समोर, स्वच्छ टीक होती. ऑपरेशन दुपारी बाराचं, टीक सकाळी आठच्या आतली, पण टिकेवर काही वेळ लिहिलेली नसते. समितीने कागद उजेडात धरून बघितला, माना डोलावल्या आणि कार्यपद्धती पूर्णपणे पाळली गेली होती असं लिहून दिलं. कागद बरोबर निघाला, म्हणजे चुकल्या त्या बाईच.

बाईंचा नवरा बाहेर बाकावर बसून होता. मोठ्या सिस्टर समोरून गेल्या तेव्हा तो उठला आणि त्याने हात जोडले, कारण ऑपरेशनच्या दिवशी त्याच्या बायकोला त्यांनीच धीर दिला होता. त्या नुसत्या मान हलवून पुढे गेल्या. ते जोडलेले हात त्यांना पुढे कितीतरी दिवस पचले नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी चहा आला, कागद आले, आणि टिकाही झाल्या.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी ते सुरू झालं. टेबलावर एक निवृत्त पोस्टमन होते, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. सिस्टरची नजर सहज कागदाकडे गेली. चौथा चौकोन, बाजूच्या खुणेचा, रिकामा होता. एखादी टीक राहून जाणं त्यांच्या हातून शक्य नव्हतं. त्यांनी कागद उलटा केला. त्या बॉलपेन दाबून लिहीत, त्यामुळे प्रत्येक टिकेचा उठाव मागून बोटाला लागायचा. त्यांनी अंगठा फिरवला. अठरा उठाव लागले. चौथ्याच्या जागी कागद नुकता छापून आल्यासारखा सपाट होता.

केवळ टीक करायची म्हणून त्यांनी चादर उचलून बघितलं. खूण डाव्या गुडघ्यावर होती. भिंतीवरचा एक्सरे उजव्याचा होता.

“सर, बाजू कुठली?”

सर्जन हात वर धरून उभे होते. त्यांनी एक्सरेकडे बघितलं, मग गुडघ्याकडे. पोस्टमनना झोप लागलेली होती, मॉनिटर टुकटुक करत होता.

“मी विचारणारच होतो,” सर्जन शेवटी म्हणाले.

दुसऱ्या खेपेला एका मुलीच्या कागदावर वावड्याचा चौकोन रिकामा निघाला. सिस्टरनी फाइल खालपासून उपसली. एका जुन्या चिठ्ठीवर लिहिलेलं सापडलं की या मुलीला अमुक इंजेक्शनने घसा सुजून जीव गुदमरला होता. तेच इंजेक्शन मॅडमच्या सिरिंजमध्ये भरून तयार होतं. तिसऱ्या खेपेला सतरावा चौकोन. टाके घालायला घेतले होते. सिस्टरनी मॉप पुन्हा मोजायला लावले, एक कमी भरला, आणि तो आतच निघाला. चार महिन्यांत असं पाच वेळा झालं. पाचही वेळा कागद खरा ठरला. सिस्टरनी एकदा भूलवाल्या मॅडमजवळ विषय काढून बघितला.

“मॅडम, केलेली टीक कधी निघून जाते का हो?”

“निघून म्हणजे?”

“म्हणजे कागदावरून.”

मॅडमनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. “पेन बदला तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आणि रजा घ्या चार दिवस.”

सिस्टरनी पेन बदललं. रजा घेतली नाही. त्या वर्षी रुग्णसुरक्षेसाठी हॉस्पिटलला मानचिन्ह मिळालं, ते सर्जननी स्वीकारलं, आणि मोठ्या सिस्टरना भेट म्हणून पेनांचा एक संच देण्यात आला.

खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. मेलेल्या बाईंनंतर सिस्टरच्या मनात निदान धाकधूक असायची. काही नाही तर मॉपच्या बादलीकडे त्या दोनदा बघत. आता तीही गेली. सकाळी टिका करायच्या, दर टप्प्याला कागदावर नजर टाकायची, चौकोन भरलेले दिसले की झालं. कागदच आपणहून सांगतोय तर आपण कशाला डोकं शिणवा, असं त्यांना वाटायला लागलं. कुणीतरी आपल्यासाठी जागं आहे या कल्पनेने त्यांना रात्री शांत झोप लागायची.

आणि मग त्यांच्या धाकट्या भावाचं ऑपरेशन ठरलं. हर्निया, उजव्या बाजूचा, काही मोठं नाही. भाऊ सहा फूट उंच, पण लहानपणी एवढासा होता म्हणून घरात त्याला टिल्लू म्हणायचे ते कायमचंच. आईवडील गेल्यावर सिस्टरना रक्ताचं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. दर रविवारी टिल्लूकडे जेवायला जायचं, त्याच्या वात्रटपणाला हसायचं आणि येताना भावजयीने डब्यात भरून दिलेलं घेऊन यायचं, एवढाच त्यांचा संसार.

सकाळी सातला त्या वॉर्डात गेल्या तेव्हा टिल्लू हॉस्पिटलच्या आखूड झग्यात पलंगावर मांडी ठोकून बसला होता.

“ताई, तू आहेस म्हणून आलोय बरं का. नाहीतर माझं आणि हर्नियाचं छान चाललं होतं.”

“गप्प पड जरा.”

“सर्जनना सांग, जास्त काही काढू नका. घरी मोजून घेतात.”

भावजय हसली, पण तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. “वन्सं, तुमच्या भरवशावर आहे मी,” ती म्हणाली.

“मी आहे ना,” सिस्टर म्हणाल्या. “माझ्या नजरेसमोर असेल तो.”

त्या दिवशी भावाचा कागद त्यांनी सगळ्यात शेवटी घेतला. एकेक टीक सावकाश केली, शाई वाळू दिली, मग कागद उलटा करून मागून अंगठा फिरवला. एकोणीसच्या एकोणीस उठाव लागले. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी चहाचा दुसरा कप मागवला.

आधीचं ऑपरेशन लांबलं. टिल्लूला वीसेक मिनिटं थिएटरबाहेरच्या खोलीत, पडद्याआड, ट्रॉलीवर पडून राहावं लागलं. सिस्टर आत अडकल्या होत्या. अकरा वाजता ट्रॉलीवाले मामा त्याला घेऊन आत आले. टेबलावर घेतलं. हाताला सुई लावली, बोटाला चिमटा लावला, डोक्यावर हिरवी टोपी होतीच. भूलवाल्या मॅडमनी पांढऱ्या औषधाची सिरिंज उचलली.

सिस्टरनी कागदावर नजर टाकली.

पहिला चौकोन रिकामा होता. पेशंटची ओळख पटली का.

त्यांनी कागद उलटा केला. अंगठा त्या जागेवरून दोनदा नेला. सपाट. बाकीच्या अठरा जागी उठाव होते. हा चौकोन आजवर कधीच रिकामा निघाला नव्हता. आणि खरं सांगायचं तर वाचन बंद पडल्यापासून तो प्रश्न त्यांनी कुणाला विचारलाही नव्हता.

“थांबा मॅडम,” त्या म्हणाल्या, आणि टेबलाजवळ गेल्या. “नाव सांग तुझं.”

सगळ्यांनी वळून बघितलं.

“सिस्टर,” सर्जन म्हणाले, “सख्खा भाऊ ना हा तुमचा?”

टेबलावरच्या माणसाने नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. जन्मतारीख सांगितली. उजव्या बाजूचा हर्निया, सांगितलं. कशाचं वावडं नाही. पहाटेपासून पोटात पाणीही नाही. सगळं बरोबर, न अडखळता, शाळेतल्या मुलाने पाठ म्हणून दाखवावं तसं. सिस्टर वाट बघत राहिल्या. ‘ताई, विसरलीस का गं मला इतक्यात’, असं काहीतरी आता येईल असं त्यांना वाटत होतं. काही आलं नाही. तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत त्यांच्याकडे टक लावून होता.

त्यांनी त्याची टोपी वर सारली. कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, बोटाच्या पेराएवढा पांढरा वण होता. जिथे असायला हवा तिथेच.

“ही खोक कशाने पडली?”

आता हे सांगायला हवं की ती खोक सिस्टरमुळे पडली होती. त्या नऊ वर्षांच्या, टिल्लू सहा. एका लाल पेन्सिलीवरून भांडण झालं आणि त्यांनी त्याला जिन्यात ढकललं. रक्ताने तोंड माखलेलं असताना टिल्लू आईला म्हणाला, मीच पडलो. त्यानंतर चाळीस वर्षांत कुणीही विचारलं, डॉक्टरने, मास्तरांनी, लग्नाच्या वेळी सासरच्यांनी, तरी त्याचं उत्तर एकच असायचं: “जिन्याशी टक्कर घेतली. जिन्याला जास्त लागलं.” सिस्टरशी एकटं बोलतानाही तो तेच म्हणायचा. त्यांचं नाव त्याने एकदाही घेतलं नव्हतं. एकदा भाऊबहीण दोघंच बसलेले असताना त्यांनी रडत माफी मागितली होती, तेव्हाही त्याने भुवया उंचावून हेच वाक्य ऐकवलं होतं.

“तू ढकललंस,” टेबलावरचा माणूस म्हणाला. “लाल पेन्सिलीवरून. तिसऱ्या पायरीवरून. आईला मी खोटं सांगितलं.”

मॉनिटर टुकटुक करत होता.

“झालं समाधान?” सर्जन म्हणाले. त्यांच्या आवाजात चीड होती.

काय सांगणार होत्या त्या? उत्तर बरोबर आलंय म्हणून ऑपरेशन थांबवा? त्यांनी पेन पहिल्या चौकोनात टेकवलं आणि दाबून ओढलं. काही उमटलं नाही. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढलं. समासात रेघ ओढून बघितली, ती काळीभोर उठली.

“सिस्टर,” मॅडम म्हणाल्या, “ओळख पटली?”

त्या खोलीत कित्येक वर्षांनी कुणीतरी तो प्रश्न मोठ्याने विचारला होता. पाच माणसं उत्तरासाठी थांबली होती.

“हो,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

इतकी वर्षं हात जे करत आला, ते तोंडाने केलं. मॅडमनी स्वतःचं पेन काढून त्या चौकोनात टीक केली, खाली सही केली, आणि सिरिंजचा दट्ट्या दाबला. पांढरं औषध नळीतून सरकत गेलं. या औषधाने माणसाचे डोळे दहा आकड्यांच्या आत मिटतात. सिस्टर मनात मोजत होत्या. बावीसपर्यंत तो त्यांच्याकडेच बघत होता.

ऑपरेशन चाळीस मिनिटांत झालं. सर्जन गुणगुणत होते. सिस्टरनी मॉप तीनदा मोजले, तिन्ही वेळा बरोबर भरले.

दुपारी त्यांनी मामांना गाठलं. मामा रिकामी ट्रॉली पुसत होते.

“मामा, सकाळी पडद्याआड कुणी होतं का माझ्या भावाजवळ?”

“कुणी नाही सिस्टर. फोनवर बोलत होते वाटतं ते.”

“फोन वॉर्डात होता त्याचा. त्याच्या बायकोकडे.”

मामांचा हात थांबला. “बोलणं तर चाललं होतं,” ते म्हणाले. “एक जण विचारत होता, एक जण सांगत होता. पण आवाज दोन्ही त्यांचेच.”

सिस्टर त्या खोलीत जाऊन आल्या. भिंतीला लागून एक बाक, कचऱ्याचा डबा, हात धुवायचं बेसिन. खिडकी नाही. दार एकच, आणि त्या दारात मामा बसून होते. पडदा बाजूला करून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, मग त्यांनी दिवा बंद केला.

बाराव्या दिवशी टाके काढले, आणि रविवारी त्या जेवायला गेल्या. नाही जायचं असं त्यांनी चारदा ठरवलं होतं. पण गेलं नाही तर कारण सांगावं लागलं असतं. भावजयीने दारातच त्यांचा हात धरला.

“वन्सं, ऑपरेशन मानवलं बघा यांना. घोरणं बंद झालं. चिडणं नाही, वाद नाही. वाढीन ते गुपचूप खातात. फक्त जरा गप्प गप्प असतात.” ती हसली. “गप्प बसलेले कधी बघितलेच नव्हते ना, म्हणून चुकल्यासारखं होतं.”

तो खुर्चीत ताठ बसला होता. दोन्ही हात मांड्यांवर. “ये ताई,” तो म्हणाला.

जेवण झालं. त्याने पानातलं सगळं संपवलं. भावजय चहा टाकायला आत गेली. भांड्यांचा आवाज येत होता, आणि त्यात ती काहीतरी गुणगुणत होती. दोघंच उरल्यावर त्याने खुर्ची थोडी वळवली.

“ताई, कपाळाचं तेवढं चुकलं माझं,” तो हळूच म्हणाला. “काय म्हणायचं असतं तिथे?”

खोटं कशाला सांगा, भीतीपेक्षा सिस्टरना शरम जास्त वाटली. ओरडून उठावं तर ऐकणार कोण होतं? पाच माणसांसमोर त्यांनी हो म्हटलं होतं. खाली सही होती. कागद बरोबर होता. आणि आयुष्यभर न बघता हो म्हणत आलेल्या बाईने आता बघून नाही म्हणायचं, तर तो हक्क तिने आणायचा कुठून?

आतून भावजयीने विचारलं, “वन्सं, साखर कमीच ना?”

“हो,” सिस्टर म्हणाल्या.

तो वाट बघत होता. त्याला घाई नव्हती.

“जिन्याशी टक्कर घेतली,” त्या म्हणाल्या. “जिन्याला जास्त लागलं.”

त्याचे ओठ हलले. एकदा, मग पुन्हा एकदा.

भावजय ट्रे घेऊन आली. त्याने कपाळावरच्या वणावरून बोट फिरवलं, भुवया उंचावल्या आणि तिच्याकडे बघून म्हणाला, “जिन्याशी टक्कर घेतली. जिन्याला जास्त लागलं.”

भावजय इतकी हसली की कपातला चहा बशीत हिंदकळला. “आज कुठे पहिल्यासारखे बोललात,” ती म्हणाली, आणि तिने पदराने डोळे पुसले. चहा पिऊन होईपर्यंत ती मधूनच हसत राहिली. मग ती कप उचलून आत गेली आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

त्याने खुर्ची आणखी जवळ ओढली.

“आता आईबद्दल सांग,” तो म्हणाला.